दहापैकी दहा, सब ठीक!

फौजेतून घरी येणारा माणूस ट्रंक एकच आणतो, किस्से मात्र पोतंभर. आम्हाला वाटलं, रिटायर झालो, आता पोत्याचं तोंड शिवून टाकावं. पण एका संस्थेच्या डोक्यात आलं की माजी सैनिकांच्या मनाला बागकामाने आराम पडतो. तेही पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर! झालं, पोतं पुन्हा भरायला लागलं. गोंदिया जिल्ह्यातले आम्ही आठ जण. मी युनिटमध्ये क्लार्क होतो, म्हणून ग्रुपचा ॲडमिनही मीच.

*

आधी कुरियरने किट आलं. प्लास्टिकच्या सहा कुंड्या, झेंडूचं बियाणं आणि एक जड पिशवी. पिशवीत चक्क माती! माझ्या गावी, कामठ्यात, घरापुढे धानाची बांधी म्हणजे भाताचं खाचर, घरामागेही धानाची बांधी. कुरियरवाल्याने सही घेतली, पिशवीवरचं वाचलं आणि बांधीकडे पाहिलं.

"काका, माती कायले मागवून राहिले जी? वावर इकलं काय?"

बायको आतून हसली. ती अजूनही हसते.

*

पहिल्या बुधवारी संस्थेच्या मॅडम स्क्रीनवर आल्या. वयाने आमच्या पोरीएवढ्या, बोलायला गोड. "सगळ्यांनी डोळे मिटा. हळूच मातीला स्पर्श करा. मातीशी नातं जोडा."

आमच्यात सर्वांत सीनियर सडक अर्जुनीचे सुभेदार रहांगडाले साहेब. दिवस धानाच्या रोवणीचे. साहेबांनी मोबाईल शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टेकवला होता आणि स्वतः चिखलात उभे होते.

"मॅडम, सकाळपासून गुडघाभर मातीतच आहो. अजून किती खाली जाऊ?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांची रोवणी थांबली नाही.

*

झेंडू उगवला. मॅडम म्हणाल्या, "झाडाला त्याच्या मनासारखं वाढू द्या. त्यातून आपणही मोकळं व्हायला शिकतो."

पुढच्या बुधवारी साहेबांनी फोटो टाकला. चुन्याची रेघ आखलेली, तिच्यावर सहा कुंड्या उंचीप्रमाणे लावलेल्या. प्रत्येक रोपाला काडी बांधून सावधान! बाजूला झुकलेल्या फांद्यांचं कटिंगही झालेलं.

"साहेब, मोकळं वाढू द्या म्हटलं होतं ना?"

"वाढू द्या ना मॅडम, कोण अडवून राहिला? फक्त लाइनीत!"

*

प्रत्येक कॉलच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला. "आज मन कसं आहे? एक ते दहामध्ये स्कोअर द्या."

पहिल्या दिवशी आठही जणांनी दहा दिले. दुसऱ्या बुधवारीही दहा. वादळात आमच्यातल्या मेश्रामच्या घराचे पत्रे उडाले, त्या बुधवारी त्यानेही दहा! मॅडम हरखून गेल्या. त्यांना वाटलं, झेंडूची कमाल आहे. डॉक्टरपुढे 'झोप येत नाही' म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते आणि प्रमोशन अडकतं, ही धास्ती आम्ही सगळी नोकरी खिशात घेऊन फिरलो, हे त्यांना कोण सांगणार?

मी मेश्रामला म्हटलं, "अरे, निदान आज तरी नऊ द्यायचे!"

"पहिला नऊ तू दे ना बे," तो म्हणाला. मी दिले नाहीत.

*

अर्जुनी मोरगावचा बिसेन कॉलवर यायचा, पण त्याच्या चौकोनात छताचा पंखाच दिसायचा. मॅडम दर बुधवारी त्या पंख्याला नमस्कार करायच्या. बिसेन एक शब्द बोलायचा नाही, फक्त चॅटमध्ये दहाचा आकडा टाकायचा.

एकदा त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, घरी आल्यापासून यांचं बोलणं म्हंजे हो नाही तं नाही. पोरीसंगही बोलत नाही. तिथं तरी बोलते काय जी?"

"बोलतो ना वहिनी, भरपूर बोलतो," मी ठोकून दिलं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्या बुधवारी मीही दहाच दिले.

*

मागच्या बुधवारी ऐन स्कोअरच्या वेळी मॅडमचं नेट गेलं. पुण्याचं! आमचं चालू आणि पुण्याचं बंद, म्हणून मेश्रामने टाळ्या वाजवल्या. मॅडमचा चौकोन गायब झाला. स्क्रीनवर उरली आमची सात तोंडं आणि एक पंखा.

आणि पंखा बोलला.

"तीन."

आवाज कोणाचा हे कळायला मला जरा वेळ लागला.

"माह्ये तीन लिहा, क्लार्कबाबू. आज तीन. बाकी दिवशी तं दोनच राहते."

मेश्रामच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. "माह्ये चार," तो म्हणाला. रहांगडाले साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माह्येही तीनच." मग एकेक करत सगळे बोलले. मी लिहीत गेलो. शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे पाच टाकले.

बिसेनच्या चौकोनातला पंखा हलला आणि त्याचा चेहरा आला. दाढी पार पांढरी झालेली. "थ्या दिवशी पोस्टवर..." त्याने सुरुवात केली.

टिंग! मॅडम हजर.

"सॉरी, सॉरी, नेट गेलं होतं! हं, सांगा स्कोअर. आजही दहाच ना?"

बिसेनच्या चौकोनात पुन्हा पंखा आला. आम्ही सवयीने साहेबांकडे पाहिलं. साहेब ताठ बसले, घसा साफ केला.

"मॅडम, तुमचं नेट अजून अर्धा घंटा बंद ठेवता येते काय जी?"