आयटी धोरणातलं एक कलम

आमच्या विभागाचं आयटी धोरण मी लिहायचं ठरलं, कारण माझा नवरा हिंजवडीला आयटी कंपनीत नोकरीला होता. दुसरं काही कारण नव्हतं. समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाईला सर्व्हरमधलं काय कळणार, असं मी म्हटलं, तेव्हा विभागप्रमुख सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरात माणूस आहे ना? मग झालं तर. दिवाळीनंतर मूल्यांकन समिती येतेय. त्यांना धोरण लागतं. वायफाय नसलं तरी चालतं."

घरातला माणूस कंपनीच्या बसमधून उतरायचा तेव्हा तोंड उघडण्याच्या अवस्थेत नसायचा. म्हणून मी सहकाऱ्यांनाच विचारत सुटले. एकाला प्रोजेक्टर हवा होता, ज्यावर सगळं निळं दिसणार नाही. एका बाईंची मागणी एवढीच, की यापुढे नवीन ॲप आणू नका. मुलं म्हणाली, "मॅम, पोर्टल मोबाईलवर ओपनच होत नाही, स्ट्रॅटेजी कसली करताय?" मी लिहायची, खोडायची, उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायची. टेबलावरचा चहा गार व्हायचा आणि परत आल्यावर मी तो तसाच प्यायची.

सरांच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. विभागाच्या कपाटात जुन्या कॅसेट होत्या. हडपसरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलाखती, एका संशोधन प्रकल्पासाठी पूर्वी कधीतरी घेतलेल्या. त्या आता हार्ड डिस्कवर उतरवून झाल्या होत्या. सरांना त्या सगळ्या वेबसाइटवर खुल्या करायच्या होत्या. "जगात कुठूनही कुणीही ऐकेल. समितीला दाखवायला याहून चांगलं काय आहे आपल्याकडे?" मलाही पटलं. धोरणातलं तेच प्रकरण मी आधी लिहून टाकलं.

मग प्रत्येक मुलाखतीला दोन ओळींची ओळख लिहायची म्हणून कानाला हेडफोन लावून मी ऐकायला बसले. एका दुपारी एका बाईंचा आवाज लागला. अमरावतीकडून नवऱ्याबरोबर पुण्याला आलेल्या, कारखान्यात पॅकिंगला. नवरा त्याच कारखान्यातला, युनियनचा पुढारी. बाई मोकळेपणाने बोलत होत्या, मधेच हसत होत्या. मग संपाचा विषय निघाला आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"पोरीले ताप होता. घरात दाणा नव्हता. मंग मी मागच्या फाटकानं कामावर जाऊ लागली. ह्यायले सांगितलं, दवाखान्यात झाडझूड कराले जातो म्हणून. हे पुढं गेटवर भाषण देऊन राहिले अन् मी मागं पॅकिंग करून राहिली!" त्या पुन्हा हसल्या, पण थोडंच. "हे कोणाले सांगू नका बापा."

"नाही सांगणार, ताई. हे आमच्या अभ्यासापुरतंच आहे. बाहेर कुठेही जाणार नाही."

हा दुसरा आवाज मी ओळखला. पातळ होता, तरणा होता, पण शब्द तोलून टाकायची ती लकब मी रोज ऐकत होते. त्या काळी सर संशोधन करणारे विद्यार्थी असणार.

मी हेडफोन काढून ठेवला. पुन्हा लावला. वर्गावर गेले आणि काय शिकवतेय तेच कळेना. वेबसाइटवर ही मुलाखत बाईंच्या नावागावासह जाणार होती, आणि तसं लिहिणारी मीच होते. शेवटी लॅपटॉप उचलून सरांच्या खोलीत गेले आणि तो तुकडा लावला.

सरांनी सगळं ऐकलं. "आवाज बारीक होता माझा," म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. "मी असं म्हटलं होतं हे साफ विसरलो होतो. प्रत्येकाला म्हणालो असेन. म्हटल्याशिवाय बोलतंय कोण?"

"मग आता?"

"आता काय, शोधायचं त्यांना. गाडी तुमची घेऊ. माझी हडपसरपर्यंत जायची नाही."

कारखान्याच्या जागी काचेची इमारत होती. सर फुटपाथवर उभे राहून "इथे गेट होतं, नाही, इथे" असं करत राहिले. मला एका जागी उभं राहवेना, म्हणून मागच्या गल्लीतल्या किराणा दुकानात शिरून बाईंचं नाव विचारलं. दुकानदार म्हातारा होता. म्हणाला, "त्या वहिनी वारल्या की, लई दिवस झाले. त्यांचे मालक हायेत अजून. लेक कंपनीत हाय, खराडीला ऱ्हात्यात आता." लेकीचा नंबर त्याच्याकडे होता.

ती शनिवारी विभागात आली. माझ्याच वयाची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. आईचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही, साधा मोबाईलमधलाही नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं. मी तिला हेडफोन दिला. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ऐकताना ती आधी नुसती हसत होती. मग तिने हात तोंडावर धरला. संपल्यावर म्हणाली, "ती तापातली पोरगी मीच. घरात तेव्हा मी एकटीच, भाऊ जन्मलाही नव्हता." आणि एकदम रडायला लागली. मी पाणी आणायला उठले, तर म्हणाली, "बसा हो मॅडम. मला काही झालेलं नाही."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "टाका तुम्ही वेबसाइटवर. पूर्ण नाव टाका. माझी आई काय होती ते कळू दे लोकांना."

सर वळले. "वडिलांना माहीत आहे हे?"

तिने नकारार्थी मान हलवली. तिचे वडील अजून त्या संपाच्या गोष्टी सांगतात, एकही माणूस फुटला नव्हता असं नातवंडांना छाती काढून सांगतात, हे तिने मग हळूहळू सांगितलं. विचार करते म्हणाली. आईच्या आवाजाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन गेली.

पुढचे दिवस मी फोनकडे बघत काढले. धोरणाचं ते प्रकरण अर्धवट पडलं होतं आणि समिती जवळ येत होती. "तू दर पाच मिनिटांनी फोन उलटा का करतेस?" नवऱ्याने जेवताना विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग प्रत्येक मुलाखतीला वेगळं कुलूप लावा. अवघड नाहीये ते. किल्ली कोणाची, एवढं तुम्ही ठरवा." महिन्याभरात त्याने धोरणाला केलेली ही पहिली मदत.

तिचा फोन आला तो ऑफिसच्या वेळेत, मागे माणसांचा गलका. "मॅडम, बाबा आहेत तोवर नको. त्यांना आत्ता हे कळून काय मिळणार? नंतर मी स्वतः सांगेन तुम्हाला."

मी ते प्रकरण पुसून नवीन कलम लिहिलं: बोलणाऱ्याची किंवा घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत मुलाखत बंद राहील. घरच्यांना शोधण्याची जबाबदारी विभागाची. सरांनी वाचून सही केली आणि म्हणाले, "आता शोधत बसा जन्मभर. मी तर निवृत्त होतोय."

समितीतल्या एका प्राध्यापकांना कलम आवडलं नाही. धोरणात महत्त्वाकांक्षा कमी वाटते, म्हणाले. इतका मौल्यवान ठेवा, तो बंद ठेवायचा तो किती काळ?

"एक वृद्ध गृहस्थ हयात आहेत तोवर," सर म्हणाले. "बाकीच्यांची चौकशी चालू आहे."

समितीने तेवढ्यापुरते गुण कापले. सरांनी चहा मागवला.

ती चौकशी आता मी करते. काही घरं सापडली, काही दारं तोंडावर बंद झाली, काहींनी आनंदाने हो म्हटलं. पण त्या लेकीचं नाव फोनवर दिसलं की अजून मी लगेच उचलत नाही, दोन-तीन रिंग जाऊ देते. तिची परवानगी म्हणजे तिच्या वडिलांची बातमी. जी यावी म्हणून मी नोकरीच्या नात्याने थांबले आहे, आणि जी येऊ नये असंच वाटतं.

मागच्या आठवड्यात फोन आला. मी तास थांबवून वर्गाबाहेर आले. तिच्या मुलीला समाजशास्त्र घ्यायचं होतं. पुढे नोकरी लागते का, हे तिला विचारायचं होतं.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा काय, सकाळीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या पाण्यावरून भांडून आलेत. सगळ्या बिल्डिंगला घेऊन मोर्चा काढायचा म्हणतायत."

मी व्हरांड्यातल्या बाकावर टेकले आणि नोकरीचं जे काय खरं आहे ते तिला सांगायला लागले.