गडद की फिका

बायकोच्या आजाराचं ते तिसरं वर्ष. डॉक्टरांनी केमो थांबवली होती. दुबईतल्या ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर पडून असायची. एकदा म्हणाली, "ही समोरची भिंत निळी करून घेऊया. हिच्याकडेच बघायचंय आता मला."

बिल्डिंगचं काम करणारा पेंटर सावंतवाडीकडचा होता. त्याने भिंतीवर वहीएवढे दोन पट्टे मारले. एक फिका, दुसरा शाईसारखा गडद. "चार दिवस बघा, वहिनी. सकाळी वेगळा दिसतो, दुपारी वेगळा."

तिने चार दिवस पाहिलं. "गडद," ती म्हणाली. "इथल्या उजेडाने डोळे दुखतात माझे. त्याच्यावर नजर टेकते."

"अगं, खोली अंधारी होईल. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटेल?"

"येणारे अर्धा तास बसतात," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पेंटर आला तेव्हा मुलगी शाळेत होती, घरी मी एकटाच होतो. मला तो गडद निळा बघवत नव्हता. विहिरीत डोकावल्यासारखं व्हायचं.

"फिका लावा," मी सांगितलं.

"साहेब, वहिनींनी गडद सांगितलाय."

"मी सांगतोय ना? फिका. खलास."

त्याने फिक्याचा डबा उघडला.

पाच दिवसांनी तिला घरी आणलं. पलंगावर टेकवल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. "हा तो नाही ना?"

"तो डबा शिल्लक नव्हता दुकानात," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एवढं सहज खोटं कधी बोललो नव्हतो.

"असू दे," ती म्हणाली.

त्यानंतर दुपारी ती डोळ्यांवर ओढणी घेऊन पडायची. ते पाहून मी पेंटरला गडद लावायला पुन्हा बोलावलं. त्याने डबा उघडला मात्र, त्या वासाने तिला उलटी झाली. त्याने लगेच झाकण लावलं. मी फडकं आणायला बाथरूममध्ये गेलो. परत आलो तेव्हा तो तिच्या उशाशी उभा होता. "येतो, वहिनी," म्हणून तो निघाला.

अठरा दिवसांनी ती गेली.

पुढे एकदा जेवताना मी मुलीजवळ तो विषय काढला. ती आता चौदाची आहे. म्हटलं, आईला दुसरा निळा हवा होता, पण दुकानात मिळाला नाही.

तिने ताटातून मान वर केली नाही. "शी न्यू, बाबा. पेंटर अंकल टोल्ड हर."

"मग ती मला काहीच कशी बोलली नाही?"

"शी सेड यू वेअर स्केअर्ड."

मी उठून पाण्याचा जग भरायला नेला. तो भरलेलाच होता, हे ओट्यावर पाणी सांडल्यावर कळलं.