लाल चौकटीतली रसवांगी

बायकोच्या पाककृतींच्या पुस्तिकेत माझ्या आईची प्रत्येक सूचना लाल चौकटीत, वर ‘धोका!’ असं लिहून छापली गेली, ती माझ्या हुशारीमुळे.

मी चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात माहितीपुस्तिका तयार करतो. मथळा केवढा, चौकट कुठल्या रंगाची, ही सगळी सजावट आम्ही मजकुरापासून वेगळी, खुणांच्या भाषेत एका फायलीत लिहून ठेवतो. ती फाइल कुणालाही द्यावी, त्याचा मजकूर आपोआप तसाच नटतो. घरात मात्र याचं कुणाला कौतुक नाही.

बायको मूळची सांगलीची. सासूची तंजावरी चव तिनं स्वयंपाकघरात मागे उभं राहून उतरवून घेतली होती. नवरात्रातल्या गोलूला, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला, येणाऱ्या बायकांना तांबूलाबरोबर पुस्तिका द्यायची, पण पहिली प्रत सासूच्या हातात, असा बेत. दोघींचं कुठे जरा जमत आलं होतं.

“पानन् पान कसलं सजवत बसतेस?” मी म्हणालो. “आईच्या वाक्यांना फक्त ‘सूचना’ अशी खूण कर. बाकी माझी फाइल बघेल.”

तिनं इमानेइतबारे केलं. आमच्या फायलीत ‘सूचना’ म्हणजे मेकॅनिकचा हात पंख्यात जाऊ नये म्हणून दिलेला इशारा, हे मी साफ विसरलो. पहिलं पान बघितलं, मथळा देखणा दिसला, फाइल छापखान्याला धाडली.

गठ्ठा आला तेव्हा गोलूची पहिली पाहुणी दारात चपला काढत होती. बायकोनं रसवांगीचं, म्हणजे आईच्या चिंचगुळाच्या वांग्याच्या भाजीचं, पान उघडलं. ‘धोका! चिंच जास्त घालू नये.’ खाली, ‘धोका! मला विचारल्याशिवाय गुळाला हात लावू नये.’

“अहो, हे काय करून ठेवलंत? त्यांना वाटेल मीच मुद्दाम...” तिचा आवाज चिरकला.

तेवढ्यात आईनंच प्रत ओढून घेतली, चष्मा चढवला आणि एकेक चौकट वाचू लागली. गोलूच्या पायऱ्यांमागे मला मावण्याइतकी जागा आहे का, ते मी पाहून घेतलं.

“अय्यो!” आई म्हणाली. “माझं बोलणं इतकं ठळक कुणी लिहिलं नव्हतं रे. बघ, सुनेला बरोबर कळलंय. माझं ऐकलं नाही तर धोकाच!” आणि पाहुणीला तिनं स्वतःच्या हातानं प्रत दिली, गुळाचं पान उघडून.

पाहुणी गेल्यावर मी बायकोला हळूच म्हटलं, “पुढच्या छपाईत दुरुस्त करतो.”

“काही हात लावू नका,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून मी तुम्हाला हेच सांगत होते. आता निदान छापून तरी आलंय.”