मस्कतच्या रकान्यात तांदूळ नव्हता

मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती अडाणी माणसाने केलेली नाही. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा. बाबा सातवी, आई दुसरीतून शाळा सोडलेली. वाडीत कुणाला बँकेचा अर्ज भरायचा असेल, विजेच्या बिलाची तक्रार लिहायची असेल, तर आमच्याच पडवीत येतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मस्कतच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्याचा हिशेब मीच मांडायचा, यात कुणाला शंका नव्हती. मला तर नव्हतीच.

तेव्हा मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका मासळीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. कोळंबी, माकूल परदेशी जाण्याआधी त्यांचे नमुने तपासायचे. पगार चोवीस हजार. मस्कतच्या कंपनीत काम साधारण तेच, पगार साडेतीनशे रियाल, राहायची सोय कंपनीची. रियाल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास होता. पत्रात लिहिलं होतं, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत कळवा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं.

"शिकलीस ना? मग मांड कागदावर. हितं किती उरतात, तिकडं किती उरतील. तिप्पट उरत असतील तर जा. दुपटीसाठी घर सोडू नये."

"दुपटीने काय वाईट आहे?"

"मी दुपटीसाठी सोडलं हुतं," बाबा म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

बाबांनी मुंबईत बावीस वर्षं काढली. छापखान्यात बाइंडिंगचं काम, राहायला गावकऱ्यांची खोली. आमच्याकडे अशा खोल्या असतात, अख्ख्या गावाने मिळून घेतलेल्या. एका खोलीत वीस-बावीस जण, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला आणि जेवण खानावळीत. मी चौथीत जाईपर्यंत बाबा मला गणपती आणि शिमगा या दोन सणांपुरतेच माहीत होते. म्हणून ते तिप्पट म्हणाले तेव्हा मी हुज्जत घातली नाही. तिप्पट तर तिप्पट. तिप्पट म्हणजे काय, हे बघायची मलाही फार उत्सुकता होती.

आधी मी मोबाइलवर शोधलं. दोन शहरांतला खर्च शेजारी शेजारी दाखवणारी एक वेबसाइट मिळाली. तिच्यात मस्कत होतं, रत्नागिरी नव्हती. जवळात जवळ कोल्हापूर. कोल्हापूर घेतलं तर दुधाचा भाव आला, जीन्स पँटचा आला, सिनेमाच्या तिकिटाचा आला, एक कप फेसाळ कॉफीचा आला. ती कॉफी मी तोवर प्यायलेली नव्हते. बांगड्याचा भाव कुठेच नव्हता. मी म्हटलं, हे काही आपल्या कामाचं नाही, आपण आपलाच तक्ता करू.

लांब वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे रत्नागिरी, उजवीकडे मस्कत. डाव्या बाजूला आमच्या घरात महिन्याला जे जे विकत येतं आणि मी ज्याचे पैसे देते ते सगळं लिहिलं: चहा, साखर, तेल, कांदे-बटाटे, साबण, गॅस, एसटीचा पास, मोबाइल. नऊ हजार. उरले पंधरा. मग त्याच एकेका वस्तूचा मस्कतचा भाव शोधून समोर मांडला. पंचेचाळीस रियालांत भागत होतं! उरत होते तीनशे पाच, म्हणजे अडुसष्ट हजारांच्या वर. तिप्पट कसली, चौपटीच्याही पुढे.

बाबांनी आकडा पाहिला. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन गेले आणि तासभर आलेच नाहीत. आले तेव्हा मागून गिरणीवाल्याचा आवाज आला, "मॅडम, आमाला पण न्या गो मस्कतला, तांदूळ निवडायला!" म्हणजे वाडीभर झालं होतं.

रविवारी मी मिरकरवाड्यात गेले. कारखान्यातली माझी मैत्रीण तिथे राहते. तिची आई, जिला आम्ही सगळ्या खाला म्हणतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं मस्कतला राहून आलेली. तिच्याकडून हवा-पाण्याचं, कपड्यांचं विचारावं, एवढंच डोक्यात होतं. वही बरोबर नेली ती, खरं सांगायचं तर, दाखवायला. कौतुक कुणाला नको असतं?

खालाने सांदणांची बशी माझ्यापुढे सरकवली, चष्मा लावला आणि उजवा रकाना बोट फिरवत वाचला. वरून खाली. मग खालून वर.

"बाय, तू नोकरीला चाललीस की रोजे ठेवायला?"

"का?"

"यात भात कुठं हाय? नारळ? मासा? चाय पिणार, साबण लावणार आन् झोपणार?"

"खाला, तांदूळ तर घरचे..." असं मी म्हणायला लागले आणि वाक्य तिथेच राहिलं.

मैत्रीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

आमच्याकडे जे घरचं असतं त्याला कुणी खर्च म्हणत नाही. तांदूळ घरचे, नारळ घरचे, कुळीथ, आमसुलं, मसाला घरचा. मासे कारखान्याजवळ ओळखीच्या बाईकडून, ती कधी पैसे घेते, कधी आमच्या परसातली केळी नेते. भाजीही परसातली. या गोष्टी विकत आणल्या तर शेजारीण विचारते, "का गो, औंदा भात झालं नाय?" मी डावीकडे फक्त विकतचं लिहिलं आणि उजवीकडे फक्त त्याचेच भाव शोधले. मस्कतच्या रकान्यात तांदूळ नव्हता. मी एक दाणा न खाता अडुसष्ट हजार शिल्लक टाकत होते.

मला लाज वाटली ती चुकल्याची नव्हे. प्रयोगशाळेत आम्ही नमुना तपासण्याआधी नुसत्या पाण्यावर तीच चाचणी करतो. पाण्याचाच काही आकडा येत असेल तर तो वजा करायचा असतो. याला ब्लँक म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ते माहीत असतं. मी स्वतःच्या घराचं ब्लँक घेतलं नव्हतं.

खाला आता रंगात आली होती. "टॅक्सी लिव. सुट्टीच्या दिशी हिंडशील का रूमवर बसशील? बस हाय म्हन्तात आता, पन त्या उन्हात थांब्यापर्यंत चालून दाखव. पान्याच्या बाटल्या लिव. तिकीट लिव, कंपनी दोन वर्षांतून एकदा देते, मधल्या वर्साचं तुझं तूच. आन् खोका लिव."

"खोका?"

"पहिल्या सुट्टीला येशील तवा वाडीतली घरं मोजून ठेव. साबन, पावडर, खजूर, एकेक ब्लँकेट. खोका हलका आला ना, म्हन्तील पोरगी तिकडं भांडी घासते."

परतीच्या एसटीत मी वही उघडली नाही. चूक मला कळली होती, बाबांना नाही. आणि गिरणीपासून देवळापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की मी जाणार. गुरुवारला चार दिवस होते. पहिला कागद तसाच ठेवला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. माझ्या तर नाहीच.

पण खोटा आकडा घेऊन मी कोळंबीच्या कुठल्याच डब्याला आजवर पास केलेलं नाही. शिवाय आता मला जाणून घ्यायचंच होतं: आम्ही नेमकं खातो किती?

आईला विचारलं, "महिन्याला नारळ किती लागतात गं?"

"खाताना नारळ मोजतात व्हय?" ती म्हणाली. "असली गोष्ट इचारू नये."

पण सोमवारपासून तिने करवंट्या चुलीत घालायच्या थांबवून मागच्या दारी ओळीने लावल्या. बुधवारपर्यंत पाच झाल्या. भात ती एका चेपलेल्या पेल्याने मापून घेते, लग्नात आलेला आहे. तो पेलाभर तांदूळ मी पुडीत बांधून कारखान्यात नेला आणि प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन केलं. एकशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम, पुढे दशांश. पंचवीस वर्षं तो भात खाल्ला आणि त्याचं वजन पहिल्यांदा वाचलं. पुडी परत आणली. आईने ती पुन्हा डब्यात ओतली, एक दाणा खाली पडला तोही उचलून आत टाकला.

दरम्यान कंपनीला ईमेल केला, खोलीवर स्वयंपाक करता येतो का. उत्तर आलं: चौघींत एक स्वयंपाकघर, करता येतो, फक्त सुकी मासळी भाजू नये, शेजाऱ्यांची तक्रार येते.

बुधवारी दिवेलागणीला मी नवा कागद बाबांपुढे ठेवला. आधी चूक सांगितली, मग आकडा. घरच्या गोष्टींचे, टॅक्सीचे, तिकिटाचे, खोक्याचे मिळून एकशे पंधरा रियाल वाढले होते. उरत होते एकशे नव्वद. तिपटीला दहा रियाल कमी.

"म्हणजे नाय बसत," मी म्हणाले. मला जायचं होतं. पैशांसाठी होतंच, पण मी तपासलेला माल जिथे उतरतो ते ठिकाण बघायचं होतं.

कंपनीची मासळीची अट मी कागदाच्या तळाशी लिहिली होती, बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं. "सुकट भाजायला देत नायत?"

"नाही."

"मंग पगार कशाचा घ्यायचा?" स्वतःशीच हसले. मग म्हणाले, "पेन दे वाईच."

त्यांनी उजव्या रकान्यात तांदळाची ओळ शोधली. सहा रियाल होते. त्यावर काट मारली आणि त्यांच्या बाइंडिंगवाल्या सरळ अक्षरात लिहिलं, घरचे.

"बाबा, हे चीटिंग आहे."

"चीटिंग कसलं? तांदूळ खरा हाय ना?"

"विमानात तीस किलो नेऊ देतात. दहा किलो तांदूळ नेला तरी दोन महिने पुरेल, फार तर."

"पुढचं पुढं. तुझ्या मैत्रिणीकडचं कोन ना कोन जातंच असतं तिकडं. मी मुंबैला हुतो तवा येनाऱ्या-जानाऱ्याबरोबर गाठोडं यायचंच." त्यांनी तीच काट पुन्हा गिरवली. "पयल्या महिन्याला मी पन तांदळाचा खर्च धरला नव्हता. खानावळवालीने पैशे मागितले तवा कळलं."

आत आई भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला.

"किती कमी पडतात?" तिने आतूनच विचारलं.

"चार," मी म्हणाले.

"कुळीथ पन घरचाच लाव."

बाबांनी कुळथावर काट मारली. पाच रियाल. तिपटीच्या वर एक रियाल शिल्लक राहिला. बाबांनी त्या आकड्याभोवती गोल काढला, वही मिटली आणि म्हणाले, "आता कळव त्यांना. मी विमानतळापर्यंत येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईमेल पाठवला.

माझा हिशेब बाबांच्या हिशेबापेक्षा खरा निघाला, हेही सांगायला हवं. दहा किलो तांदूळ दोन महिनेसुद्धा पुरला नाही. रूममधल्या तिघींना आमचा लाल तांदूळ आवडला आणि सदतिसाव्या दिवशी डबा रिकामा झाला. गाठोडी पुढे आली, दोनदा खालाच्या पुतण्याबरोबर, एकदा कोणा अनोळखी माणसाबरोबर ज्याने मला ती देताना पावतीसारखी सही घेतली. पण त्या अडतिसाव्या दिवशी काहीच आलेलं नव्हतं. मी दुकानात गेले. एका अख्ख्या भिंतीला तांदळाची पोती लागलेली, लांब दाण्याचे, वासाचे, उकडे, कुठून कुठून आलेले. दुकानदार केरळचा होता. त्याने हिंदीत विचारलं, कौनसा?

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तांदूळ विकत घेत होते. मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, भैया, दो मिनिट रुको, आणि प्रत्येक पोत्यातला एकेक दाणा चावून बघायला लागले.