लिंबाजी धनगराचा सिनेमा

गावात म्हणतात, लिंबाजी धनगराची बायको मेली तरी त्याच्या डोळ्याला पाणी आलं न्हाई. म्हणोत. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं? पण माझ्यासमोर कुणी हे बोललं की माझं डोकं सणकतं, कारण त्या गोष्टीत माझा हात आहे. आता अठ्ठेचाळीस साल संपत आलं, दुनिया उलटीपालटी झाली, अन् मला अजून त्या दोन दिवसांचीच बोच आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

आमचं गाव सेनगावापासून दोन कोस. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, अन् माळाच्या कडेला लिंबाजीचं घर. घर म्हणजे एक खोली, पुढं आंगण, बाजूला मेंढ्यांचा वाडा. मानमोडीच्या साथीत त्याचे आईबाप एका आठवड्यात गेले. चुलत्यानं सांभाळलं, म्हणजे मेंढ्यांमागं सोडलं. त्यामुळं माणसांशी बोलायची सवय त्याला लागलीच न्हाई. मेंढी अंधारात खोकली तर कोणती खोकली ते सांगायचा, पण पाव्हणा आला की "बसा" म्हणायचा अन् स्वतःच उठून जायचा.

बायको मिळाली ती पंचफुला. कुरुंद्याकडची, उंच, सावळी, अन् तोंडाची अशी पक्की की बाजारात तराजूवाला तिला बघून काटा आपोआप सरळ धरायचा. दोन लेकरं झाली, दोन्ही तान्ही असतानाच गेली. पुढं झालंच न्हाई. लिंबाजीच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलायची. मी तिला वैनी म्हणायचो, लिंबाजीला दादा.

मी ग्यानबा, मास्तराचं पोरगं. मॅट्रिक झाल्यावर पुण्याला गेलो अन् तिथं एका संस्थेत सिनेमा शिकवायचा वर्ग निघाला होता त्यात नाव घातलं. बाप महिनाभर माझ्याशी बोलला न्हाई. वर्गाच्या शेवटी तिघातिघांनी मिळून एक लहानसा सिनेमा करून दाखवायचा होता, बिनआवाजाचा, पाचसहा मिनिटांचा. आमच्या तिघांत एक मी, दुसरा नांदेडचा गुलाबसिंग, हा कॅमेरा धरणार, अन् तिसरा पुण्याचा. तिसऱ्याला आमी कागदवाला म्हणायचो. त्याला प्रत्येक गोष्ट आधी कागदावर लागायची; शिंक यायची असली तरी लिहून काढेल असा गडी.

विषय माझा. मेंढीपासून घोंगडीपर्यंत. कातरणी, लोकर पिंजणं, सूत कातणं, चिंचोक्याची खळ, शेवटी खांद्यावर घोंगडी. कागदवाल्यानं चौदा तुकडे पाडले. पहिले आठ लिंबाजीचे, पुढचे सहा वैनीचे. पंचेचाळीसची दिवाळी झाली अन् आमी हिंगोलीला उतरून गाडीबैलानं गावात आलो.

आता मुद्द्याचं सांगतो. लढाई नुकतीच संपलेली, कच्ची फिल्म मिळणं मुश्कील. संस्थेनं आमच्या हातावर दोन रिळं ठेवली. एक रीळ चार मिनिटांत खलास. मग आमच्या वर्गाच्या मास्तरांनी एक युक्ती शिकवली. खेड्यातली माणसं कॅमेऱ्याकडं टकामका बघत बसतात, तर पहिले दोन दिवस कॅमेरा रिकामाच फिरवा. आत काही घालू नका. नुसती चावी भरा, कळ दाबा, किरकिर ऐकू द्या. माणसं सरावली की मग रीळ चढवा. अन् हे कुणाला सांगू नका, सांगितलं तर कुणी जीव लावून करणार न्हाई.

चावी भरायचं काम माझ्याकडं होतं.

लिंबाजी पहिले दोन दिवस हाताला लागलाच न्हाई. सकाळीच मेंढ्या घेऊन माळावर पसार. मग सराव कुणावर करायचा? वैनीवर. पहिल्या दिवशी ती ठेवणीतलं नवं लुगडं नेसून आली, कपाळाला हे एवढं कुंकू. मी म्हटलं, "वैनी, रोजचंच नेसा."

"काहून? सिनेमातल्या बाया काय चिंध्या नेसून राहिल्या?"

"रोजच्यावाणी दिसलं पाहिजे."

"रोजच्यावाणी तर रोजच दिसते. त्याला पुण्याहून कशाला आले तुमी?" म्हणाली अन् हसत आत गेली. जुनं नेसून आली.

वाड्यातून लोकरीची पाटी डोक्यावर घ्यायची, आंगणात यायचं, भिंतीपाशी पाटी उतरवायची, बसायचं, चरख्याला हात लावायचा. एवढंच. पण कागदवाल्याला कधी पाटी कललेली दिसायची, कधी सावली नडायची. "पुन्हा," म्हणायचा. मी चावी भरायचो. वैनी पाटी उचलून परत वाड्यात. मोजल्या न्हाईत, पण एका दिवसात पंधरावीस खेपा झाल्या असतील. दुसऱ्या दिवशी तर ती आमच्यापेक्षा हुशार झाली. कॅमेऱ्याकडं ढुंकून बघायची न्हाई, पाटी उतरवताना पदर दातात धरायची, बसताना गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणायची, ते रोज म्हणते तस्संच. गुलाबसिंग भिंगातून बघत हळूच म्हणाला, "यार, कमाल है." अन् आत काय होतं? ठणठणपाळ.

तिसऱ्या दिवशी रीळ चढवलं. लिंबाजीला मी आदल्या रात्रीच दम दिला होता, त्यामुळं तो थांबला. पण कॅमेऱ्यापुढं आला अन् त्याचा पार खांब झाला. कातर हातात, मेंढी मांडीखाली, अन् हा डोळे फाडून डब्याकडं बघतोय. पाच फूट गेलं, दहा फूट गेलं. कागदवाल्यानं कपाळाला हात लावला.

तेव्हा वैनी माझ्या मागं येऊन उभी राहिली, अगदी उजव्या खांद्याला लागून. दोन दिवसांची अनुभवी ना!

"अवो, डब्याकडं बघू नका!" ती ओरडली. "मान खाली घाला. मेंढीकडं बघा मेंढीकडं. नव्या नवरीवाणी काय लाजून राहिले?"

लिंबाजीनं मान वर केली, माझ्या खांद्यावरनं तिच्याकडं बघितलं अन् हसला. मी त्याला लहानपणापासून बघत आलो, तसा हसलेला कधी बघितला न्हाई. सगळं तोंड हसलं, कानापर्यंत. गुलाबसिंगानं कळ सोडली न्हाई.

त्यानंतर तो मोकळा झाला, पण मेंढ्यांनी सतावलं. नववा तुकडा यायच्या आत दोन्ही रिळं संपली. कागदवाल्यानं कागद फाडून नवा केला: शेवट लिंबाजीच्या घोंगडीवर. बायकोचे तुकडे रद्द.

वैनी पाटी घेऊन तयारच होती. "आता माझं कवा?"

मी काय म्हणालो? मी, मास्तराचा पोरगा, शिकलेला? मी म्हणालो, "तुमचं झालं की वैनी. दोन दिवस घेतलं न्हाई का?"

"व्हय, ते बी खरं," ती म्हणाली. "मंग दाखवायला येशील न रे?"

"येतो," म्हटलं.

पुण्यात सिनेमाला पहिला नंबर मिळाला. मास्तर त्या हसण्यापाशी रीळ थांबवून म्हणाले, "हे हसू कसं मिळवलंत?" कागदवाला म्हणाला, "सरावामुळं, सर."

सेहेचाळीसच्या वैशाखात गावात पटकी आली. वैनी सकाळी आजारी पडली अन् दिवस मावळायच्या आत गेली. मला हे दिवाळीला घरी आलो तेव्हा कळलं. लिंबाजी तिसऱ्याच दिवशी मेंढ्या घेऊन माळावर गेला म्हणे. भेटायला आलेल्या बायांनी गळे काढले तर हा उठून मेंढ्यांना पाणी पाजायला गेला. तेव्हापासून गाव त्याला नावं ठेवायला लागलं. मला विचाराल तर त्याला काही कळतच नव्हतं. कुणी भाकरी दिली तर खायचा, न्हाई दिली तर मागायचा न्हाई. भर उन्हात घोंगडी पांघरून बसायचा. कुणी काढ म्हटलं की काढायचा.

मी आल्याचं कळलं तसा तो आमच्या दारात आला. जन्मात पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"तिचं चित्र हाय न तुज्यापाशी?" म्हणाला. "आंगणात घेतलं व्हतं दोन दिस."

आमच्या गावात कुणाचाच फोटो न्हाई. पाटलाचा न्हाई तर धनगराचा कुठून असणार? त्या बाईचं तोंड जगात कुठं उरलं असेल तर ते माझ्यापाशी, असं धरून तो आला होता. अन् माझी जीभ झडली न्हाई. मी म्हणालो, "हाय. घेऊन येतो."

पौषात गुलाबसिंगानं नांदेडहून पडद्यावर दाखवायचं यंत्र अन् त्याला वीज पुरवणारं रॉकेलचं लहान इंजिन आणलं. आमी गेलो तेव्हा लिंबाजी घराच्या भिंतीला चुना देत होता. पडदा पांढरा लागतो एवढं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. खाली घोंगडी अंथरलेली. गुलाबसिंग माझ्याकडं बघत होता. मला आता बोलावंच लागणार होतं.

"दादा," मी म्हणालो, "त्या दोन दिवसांत डबा खाली होता."

"खाली म्हंजी?"

"आत फिल्मच नव्हती. नुसता सराव."

त्याचा हात थांबला न्हाई. चुन्याची कुंची वरून खाली, वरून खाली.

"मंग किरकिर वाजून राहिलं व्हतं ते?"

"ते चावीचं."

"चावी तूच भरत व्हता."

"व्हय."

कुंची चुन्यात बुडवली, निथळली. "दोन दिस पाटी घेऊन चालली ती," म्हणाला. त्यानं मला एक थोबाडीत द्यायला पाहिजे होती. मी वाट बघत होतो, खरं सांगतो. पण त्याचं तोंड जसंच्या तसं. उरलेला कोपरा रंगवून घेतला अन् म्हणाला, "बरं. लाव काय हाय ते."

दिवेलागण झाली. आंगण एवढंसं, सपाट जागा एकच, त्यामुळं कॅमेरा ठेवला होता तिथंच यंत्र ठेवावं लागलं. लिंबाजी घोंगडीवर बसला, एका कडेला. दुसऱ्या कडेला एक माणूस बसेल एवढी जागा तशीच मोकळी. गावातलं कुणी त्यानं बोलावलं न्हाई. मी यंत्रामागं उभा राहिलो.

भिंतीवर मेंढ्या आल्या. मग लिंबाजी आला, कातर हातात, डोळे फाडलेले. आवाज काहीच न्हाई, इंजिनाची फटफट तेवढी. मग भिंतीवरच्या लिंबाजीनं मान वर केली, थेट आमच्याकडं बघितलं अन् हसला.

घोंगडीवरचा लिंबाजी झटकन मागं वळला.

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या उजव्या खांद्याच्या मागं बघत होता. मीही मागं बघितलं. तिथं कुडाचं कुंपण होतं.

रीळ संपलं. "पुन्यांदा लाव," तो म्हणाला. गुलाबसिंगानं रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. ते हसू आलं अन् तो पुन्हा वळला, तसाच झटकन. या खेपेला जास्त वेळ बघत राहिला. भिंतीवर सिनेमा पुढं चालला होता, त्याचं तिकडं लक्षच न्हाई. मला वाटलं आता रडेल. रड रे बाबा, मी मनात म्हणत होतो, एकदा रडून घे, म्हणजे मीही सुटेन.

"आजून एकदा," म्हणाला.

तिसऱ्यांदा लावलं. मेंढ्या आल्या, कातर आली. भिंतीवरच्या लिंबाजीनं मान वर केली, माझ्या खांद्यामागं बघितलं अन् कानापर्यंत हसला. घोंगडीवरचा लिंबाजी समोरच बघत होता. वळला न्हाई.

"राहू द्या," तो म्हणाला. "काहून रॉकेल जाळता? ती न्हाई तिथं."

अन् घोंगडी झटकून खांद्यावर टाकली, मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक लागलंय का बघायला गेला.