घाटात घरगाडीच्या छतावर

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. ग्रुपवरचे असे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. आमच्या धंद्यात नको तिथून आवाज आला तर कुठेतरी वायर लूज असते... एवढंच मला माहीत.

नंदुरबारला माझं छोटं दुकान आहे. डिश, सीसीटीव्ही, मोबाईलची रेंज वाढवणारे बूस्टर बसवून देतो. भास्करकाका आमच्या नात्यातले, सारंगखेड्याकडचे केळी लावणारे शेतकरी. साठी उलटल्यावर शेती मुलाकडे दिली आणि एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, गॅसचा ओटा, बेसिन सगळं करून घेतलं. गाव तिला 'व्हॅनिटी' म्हणून चिडवायचं. काकांना त्या घरगाडीतून सातपुड्यात जाऊन चार-चार दिवस राहायचं होतं. काकूंची एकच अट होती, "फोन लागाले जोयजे. नही तं मी गाडीमा पाय ठेवाव नही!"

म्हणून बूस्टर. आतला डबा दुकानातच बसवला. पण छतावरच्या अँटेनाची दिशा रेंज कमी असेल तिथेच नीट कळते. म्हणून आम्ही दोघंच गाडी घेऊन धडगावच्या घाटात गेलो. जानेवारीतली दुपार, साधारण तीन वाजले असतील. लख्ख ऊन. एका वळणावर मोकळी जागा बघून गाडी लावली.

पद्धत सोपी आहे. एकाने वर अँटेना थोडी थोडी फिरवायची, दुसऱ्याने आत मोबाईलवरचा आकडा वाचायचा. आकडा जितका लहान तितकी रेंज चांगली. काकांच्या हातात त्यांचा फोन दिला, छताची झडप उघडी ठेवली म्हणजे बोलणं ऐकू येईल, आणि मागच्या शिडीने वर चढलो.

"काका, कितला?"

"एकशे बारा."

"बरं." मार्करने छतावर आकडा लिहिला, अँटेना जरा फिरवली. "आते?"

"एकशे चार. आखो जरासा फिराव."

असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा काका म्हणाले, "नव्वद. बस, तशीच ऱ्हाऊ दे. आते खाले ये."

"नट आवळीसन येस."

"नट ऱ्हाऊ दे. ये."

आवाज अगदी नेहमीचा... शांत. वैतागलेला नाही, घाईचाही नाही. पण मी पाना तिथेच टाकला आणि उतरलो. का उतरलो, सांगता येत नाही. अर्धवट आवळलेला नट मी कधी सोडत नाही.

आत काका फरशीवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात-पाय लुळा. डोळे उघडे — माझ्याकडेच बघत होते. फोन पलंगाखाली पार आत गेलेला, पालथा.

मी माझ्या फोनवरून अॅम्ब्युलन्सला लावला. पहिल्या झटक्यात लागला. धडगावला प्राथमिक उपचार, मग नंदुरबार. तिथे डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? मी म्हटलं, मी शिडीवरून उतरायच्या अर्धा मिनिट आधी. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून वाचले.

मला वाटलं, विषय संपला.

काकांची वाचा परत यायला दोन-अडीच महिने लागले. एका सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. अंगणात खाटेवर बसले होते, एकेक शब्द जोडत बोलत होते.

"तू शिडी चढना... अन् मी पडनू."

"नही काका. तुम्ही तं आकडे सांगी ऱ्हायंतात."

"कसाना आकडा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुले हाका मारू तं जीभच हालेना. तुन्हा आवाज मले येई ऱ्हायंता. 'काका, कितला?' मंग जरासं थांबीसन तूच म्हने, 'बरं'. मी म्हनू, हाऊ कोनसंगे बोली ऱ्हायना?"

मी हातातला चहा खाली ठेवला. गाडी शेडमध्येच उभी होती. मी जाऊन छतावर चढलो. पाचही आकडे होते, माझ्याच अक्षरात.

परत आलो तर काकांनी विचारलं, "आवाज मन्हाच व्हता?"

"तुमनाच काका. शंभर टक्के."

"घाबरेल व्हता?"

"नही. एकदम शांत."

काकू मागे उभ्या होत्या, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मग काका हळूच म्हणाले,

"मंग तो मी नही व्हतू, भाऊ. मी तं जाम घाबरेल व्हतू."

तो कोण होता, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा... मी आता हसणार नाही.