साडूभाऊंची पीयूषिका ग्रंथी

आमच्या साडूभाऊंशी जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला ते सॅलमँडरच्या पीयूषिका ग्रंथीवर येऊन पोचतात. सॅलमँडर म्हणजे दिसायला पाल, गोत बेडकाचं. त्याच्या मेंदूखाली मोहरीएवढीही नसलेली ही पिट्युटरी ग्रंथी कशी तयार होते, यावर या मूळच्या नागपूरच्या गृहस्थांनी कॅनडातल्या ग्वेल्फच्या विद्यापीठात उभी हयात घालवली आणि स्कारबरोतले माझे असंख्य रविवार. विंटर टायर कधी बदलावेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थंडीवरून आठवलं, थंड पाण्यात ग्रंथी हळू वाढते." माझ्या भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे माझ्या कानाशी लागले. "अगदी असंच बघा. अर्धी ग्रंथी मेंदूच्या तळातून खाली उतरते, अर्धी तोंडाजवळच्या कातडीतून आत सरकत येते. दोघी भेटल्या तरच काम होतं. नाही तर पिल्लू पांढरंफटक पडतं, मोठंच होत नाही." मला हसू आलं. "काहून हसता जी? सीरियस गोष्ट आहे." मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तरी यांचं पिल्लू अंड्यातच.

त्यांचं कामही तसलंच, बघणाऱ्याचा जीव खाणारं. रोज एक अंडं घ्यायचं, आतला जीव मेणात बसवायचा, डोक्याचे कागदाहून पातळ काप काढायचे आणि काचपट्ट्यांवर ओळीने लावायचे. वाढीचे सगळे दिवस त्यांच्या लाकडी पेटीत होते, एक सोडून. दोन्ही अर्धुकं पहिल्यांदा एकमेकांना टेकतात, तो दिवस दर वसंतात हुकायचा. गेला एप्रिल शेवटचा होता, कारण जूनमध्ये ते रिटायर होणार आणि लॅब बंद होणार होती.

तेव्हाच सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांची पंचाहत्तरी होती. साडूभाऊ तळ्यावरून अंडी घेऊन परस्पर ग्वेल्फला जाणार होते, पण सासूबाईंनी "दोन दिवस राहायचं" म्हटल्यावर या माणसाची बोलती बंद होते. वाढ जरा थोपवावी म्हणून त्यांनी अंडी आमच्या फ्रिजमध्ये ठेवली, तीही दह्याच्या रिकाम्या डब्यात. आमच्या घरात दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं. वर चिठ्ठी लावायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा ग्रंथीवरचं व्याख्यान चुकवून बेसमेंटमध्ये दडलो होतो.

पंचाहत्तरीच्या दुपारी सासूबाईंनी हौसेने स्वतः फालुदा केला. डबा उघडला, तर बुळबुळीत गोळ्यांत एकेक काळा ठिपका. सब्जा भिजवलाय असं समजून त्यांनी पाणी निथळलं आणि सगळा ऐवज गुलाबी दुधात ओतला. माझी मुलगी ग्लास डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "आजी, समथिंग इज मूव्हिंग."

साडूभाऊ उठले. पातेल्यात डोकावले. मी मनात म्हटलं, आता इतक्या वर्षांचा संताप बाहेर पडणार. सासूबाई घाबरून विचारत होत्या, "काय झालं हो? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही, आई," ते म्हणाले. "सब्जा खराब निघाला. ग्रोसरीतून मीच आणला होता, डेट बघितली नाही."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कॅनडातला सब्जा असाच मोठा असेल."

पातेलं साडूभाऊंनी स्वतः नेऊन रिकामं केलं. पुन्हा तळ्यावर गेले, तर तिथली अंडी दोन दिवसांत वाढून तो दिवस ओलांडून गेली होती. पेटीतली त्या दिवसाची खाच रिकामीच राहिली. सासूबाईंना हे आजतागायत ठाऊक नाही.

आता ते फोनवर हवापाणी विचारतात, पोरीचं कॉलेज विचारतात आणि "बरं, ठेवतो" म्हणतात. ग्रंथीचं नाव नाही. इतकी वर्षं जे मागत होतो ते मिळालं, आणि मला करमेना. शेवटी मागच्या रविवारी मीच विचारलं, "साडूभाऊ, ती खालून येणारी अर्धी नेमकी कुठून येते म्हणालात?"

मग ते सव्वा तास बोलले. मी फोन स्पीकरवर टाकला, सगळी भांडी घासली, ती संपल्यावर घासलेली पुन्हा घासली, पण मध्ये एकदाही बोललो नाही.